उपाशी वासराचा कौल

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, दंतकथेतल्या कुंभारकन्येच्या प्रतीकाला अग्नी देऊन झालाय. धूर अजून विरलेला नाही. नागफणी बांधलेल्या पहिल्या नंदीध्वजामागे पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी वाहतेय आणि त्या लोंढ्यात ढकलला जात मीही भाकणुकीच्या, म्हणजे वर्षाचं भाकीत सांगण्याच्या, जागी येऊन पोहोचतो. मधे देशमुखांचं वासरू. भोवती माणसांचं कडं, त्याच्याभोवती मोबाईल उंचावलेल्या हातांचं दुसरं.

वासराला दिवसभर उपाशी ठेवलंय. पुढ्यात धान्यं, गूळ, खोबरं, खारीक, सुपारी, विड्याची पानं मांडलीत. गड्ड्याची यात्रा करणाऱ्याला नियम तोंडपाठ असतात. वासरू ज्याला तोंड लावील ते महागणार, मूतलं तर पाऊसपाणी चांगलं, बिथरलं तर वर्षात काहीतरी अघटित. नियम करणाऱ्याची हुशारी मला मान्य आहे. वासराला पक्ष नाही, पेठ नाही, भाषा नाही. कानडी, तेलुगू, मराठी, उर्दू बोलणाऱ्या या गावात सगळ्यांना चालेल असा पंच शोधायचा तर याहून बरा कुठला मिळणार?

पण पंचाकडे बघणारे पक्षाचे आहेत. माझ्या डावीकडे मंगळवेढ्याकडचे एक ज्वारीवाले काका, उजवीकडे भुसार आडतीवरचे दिवाणजी. वासरू पुढे आणतात तशी दिवाणजींची नजर त्याच्या तोंडावर खिळते. काका मात्र खाली वाकून शेपटीकडे बघतायत. कॅमेरावाला पोरगा फक्त ते उसळायची वाट बघतोय, कारण त्याला उद्याचा मथळा हवाय.

लखलख दिवे पडतात. वासरू मान झटकतं, दावं ताणून मागे सरतं. "बिथरलं बे!" मागून कुणीतरी ओरडतं. एवढे दिवे माझ्या डोळ्यांवर मारले असते तर मीही बिथरलो असतो, पण हे इथे बोलायची सोय नाही. मग ते गुळाजवळ जातं, हुंगतं, तोंड फिरवतं. आणि मूततं.

"झालं! पाऊस हाय औंदा," काका हात जोडतात.

"गूळ खाल्ला न्हवं?" दिवाणजी मला विचारतात.

"हुंगला फक्त."

"म्हंजे तेजी येनार, पन थोडी."

यात्रेचे मानकरी हिरेहब्बू जे सांगतात ते मोजकं असतं: पाऊस समाधानकारक, भाव साधारण स्थिर, वासरू थोडं बावरलं. दहा-बारा रांगा मागे जाईपर्यंत त्यातला 'थोडं' हा शब्द गळतो. पाळण्यांपाशी पोहोचेतो वासराने गूळ खाल्लेला असतो. भज्यांच्या गाडीवर मी उभा राहतो तेव्हा एक जण छातीठोकपणे सांगतोय की यंदा सरकार पडणार, वासरानेच दाखवलं. कुणी खोटं बोलत नाहीये. जो तो आपल्याला ऐकू आलं तेवढंच पुढे देतोय, आणि ऐकू येतं ते मनात आधीच असलेलं.

बर्लिनला 1904 साली हान्स नावाच्या घोड्याने असंच गाव वेडं केलं होतं. बेरजा विचारल्या की खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने कोडं सोडवलं: विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोडा चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाची मान नकळत हलायची आणि हान्स थांबायचा. मालकाने लबाडी केली नव्हती. त्या घोड्याला निदान माणसाकडे बघावं लागायचं. आपल्या वासराला तेवढीही तसदी नाही, सगळं काम प्रेक्षकच करतात.

'चांगला पाऊस' याचा अर्थ तरी एक कुठे आहे? काकांच्या रब्बी ज्वारीला परतीचा पाऊस म्हणजे सोनं. कासेगावच्या द्राक्षबागायतदाराला तोच पाऊस छाटणीनंतर रेंगाळला तर औषधांच्या फवारणीने घाईला आणतो. हवामान खातं निदान सांगतं की सरासरीच्या 96 ते 104 टक्के पडला तर 'सामान्य' म्हणायचं. त्यामुळे त्याला चूक ठरवता येतं, आणि आपण ते दरवर्षी हौसेने ठरवतोही. भाकणुकीचा हिशेब मात्र उलट्या वहीत असतो: जुळलं ते वर्षानुवर्षं सांगतात, न जुळलं ते कुणी विचारत नाही.

काका निघतात. जाताना सांगतात, मागच्या खेपेलाही वासराचं खरं झालं होतं. काय सांगितलं होतं, असं विचारतो. ते जरा थांबतात, डोकं खाजवतात आणि हसतात. "आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय!"

भाकणूक बंद करा असं माझं म्हणणं नाही. होमाच्या रात्री हजारो माणसं एका वासराकडे टक लावून बघतात, हा सोहळा सोलापूरनं जपावाच. वाचकांना एवढीच विनंती: पुढच्या संक्रांतीला मानकऱ्यांच्या तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे कालनिर्णयच्या जानेवारीच्या पानामागे लिहून ठेवा, आणि दिवाळीत काढून वाचा.