मनोऱ्यावरचा माणूस

आमच्या लातूरकडे जंगल शोधावं लागतं. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी वणवा मला फक्त पुस्तकातून ठाऊक होता. गेल्या मार्चमध्ये नांदेड जिल्ह्यात किनवटला गेलो होतो. तिथल्या मित्रानं सागाच्या जंगलातली जुनी टेहळणी चौकी दाखवतो म्हटलं आणि मी लगेच निघालो.

टेकडीवर चौकी नव्हतीच. सिमेंटचे चार चौथरे आणि गंजलेल्या शिडीचा तुकडा, एवढंच उरलेलं. आमच्यासोबत आलेले मामा तरुणपणी इथल्या मनोऱ्यावर राखणदार होते. वणव्याचा हंगाम ठरलेला, 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जंगलात गवत कापून, पाला जाळून मोकळे पट्टे तयार करतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. आग पसरत आली तरी तिथं तिला खायला काही मिळू नये, हा हेतू.

"नुसता धूर दिसून भागत न्हाई, भाई," मामा म्हणाले, "कुठं हाय ते सांगता आलं पाहिजे."

एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. तोच धूर दुसऱ्या टेकडीवरूनही दिसला, की नकाशावर दोन रेषा ओढायच्या. त्या जिथं एकमेकींना छेदतात, तिथं आग.

आता हे काम उपग्रह करतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या मदतीनं वणव्याचे इशारे देते. ते मोबाइलवरही येतात. आज वापरात असलेल्या एका उपकरणाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे 375 मीटर लांब आणि तितकीच रुंद जमीन. मनोऱ्यावरून न दिसणाऱ्या दरीतली आगही त्यात सापडते. मात्र उपग्रह काही तासांनीच डोक्यावरून जातो. ढग किंवा दाट झाडी आड आली, तर लहानशी आग निसटून जाते.

आणि आग लागते बहुतेक माणसाच्याच हातून. उतरताना मामांनी मोहाचं एक झाड दाखवलं. खाली जमीन काळी पडली होती. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून वेचणारे आधी पाला पेटवतात. वारा सुटला की तीच आग जंगलात शिरते. मोठं झाड तगतं, पण रोपं जळतात. मी वाकून पाहिलं. एवढ्या जुन्या मोहाखाली त्याचं एकही पोर नव्हतं.

"आम्ही धूर दिसायच्या आधीच खाली यायचो," मामा म्हणाले. "कुणाचं झाड कधी गळतं ते म्हाईत असायचं. पाला झाडून घ्या, पेटवू नका, म्हणायचो."

पुढच्या झाडाखाली एक बाई फुलं वेचत होती. मामांनी विचारलं, "खराटा न्हाई का घरी?"

ती हसली. "खराटा हाय मामा, येळ न्हाई. उजाडायच्या आत वेचलं न्हाई तर गुरं खातात."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी डहाळी मोडली आणि तिच्या शेजारी बसून पाला बाजूला सारू लागले. उपग्रहाला आग दिसेल, पण तिची ही घाई कशी दिसणार? मनोरा पुन्हा उभा राहिला नाही तरी चालेल. हंगामात पायी फिरणारा, नावानं ओळखणारा माणूस मात्र जंगलाला हवाच.