परदेशवास्तव्याचे गुण आणि गावचे दप्तर

परदेशात नोकरीसाठी जाणे आणि परदेशात स्थायिक होण्यासाठी जाणे या दोन गोष्टी बोलण्याच्या ओघात एकच समजल्या जातात. वस्तुतः त्यांचे मार्ग वेगळे आहेत. आखाती देशांत जाणारा सुतार, वायरमन किंवा वाहनचालक तेथील मालकाच्या करारावर जातो आणि मुदत संपली की परत येतो. अशा भरतीवर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ चा उत्प्रवास अधिनियम करण्यात आला व भरती करणाऱ्या दलालांना केंद्र शासनाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. याउलट कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश काही कुशल व्यक्तींना मालकाच्या मध्यस्थीवाचून, त्यांच्या स्वतःच्या पात्रतेवर, कुटुंबासह कायम वास्तव्याची परवानगी देतात. ही पात्रता मोजण्याचे माप म्हणजे गुण. वयाला इतके, शिक्षणाला इतके, भाषेला इतके, अनुभवाला इतके अशी बेरीज करून अर्जदाराचा क्रम ठरविला जातो.

या गुणांचा पुरावा मात्र परदेशात तयार होत नाही. तो तयार होतो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आणि कचेरीच्या आस्थापना शाखेत. म्हणून हा विषय केवळ परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांचा नाही. ज्यांच्या हातून या नोंदी होतात, त्यांचाही तो आहे.

वर्णाऐवजी गुण

गुणांची पद्धत प्रथम कॅनडाने १९६७ साली अमलात आणली. तत्पूर्वी अर्जदार कोणत्या देशाचा आणि कोणत्या वर्णाचा, यावरच पुष्कळसे अवलंबून असे. मायदेशाहून वाटेत कोठेही न थांबता थेट आलेल्यासच प्रवेश, असा नियम १९०८ साली करण्यात आला. भारतातून अशी थेट सेवा उपलब्ध नसल्याने त्याचा रोख कोणावर होता हे सांगावयास नको. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हर बंदरात आले. त्यांत बहुसंख्य पंजाबी शीख होते. दोन महिने जहाज बंदरात उभे राहिले आणि मोजके प्रवासी वगळता सर्वांना परत फिरावे लागले. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे कोरड्या वाटणाऱ्या गुणतक्त्याचे महत्त्व कळते. अर्जदार कोण आहे याऐवजी त्याला काय येते, हा प्रश्न त्या तक्त्याने विचारला. ऑस्ट्रेलियाने १९७३ साली गोऱ्यांपुरते स्थलांतर मर्यादित ठेवण्याचे धोरण संपुष्टात आणले आणि १९७९ मध्ये गुणांकन स्वीकारले.

सदुसष्टचे गणित

कॅनडाच्या संघीय कुशल कामगार योजनेत १०० पैकी ६७ गुण आवश्यक आहेत. भाषेला जास्तीत जास्त २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, कॅनडातील निश्चित नोकरीला १० आणि तेथे रुळण्याच्या क्षमतेला १० अशी ही विभागणी आहे.

समजा, नगर जिल्ह्यातील एक बत्तीस वर्षांचा स्थापत्य अभियंता आहे. त्याच्याजवळ पदवी आणि चार वर्षांचा अनुभव आहे. वयाचे १२, पदवीचे २१, अनुभवाचे १३. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे या चारही भागांत ६ श्रेणी मिळाली तर भाषेचे १६. एकूण ६२. पाच गुण कमी पडतात. आता त्याच्या पत्नीने हीच परीक्षा दिली आणि साधारण ४ ते साडेचार इतकी अगदी प्राथमिक श्रेणी मिळविली, तर रुळण्याच्या क्षमतेचे ५ गुण मिळून बेरीज बरोबर ६७ होते. मुलीच्या इंग्रजीला आपल्याकडे दुय्यम लेखण्याची सवय आहे. येथे तर सगळा अर्जच तिच्या इंग्रजीवर तरतो.

परंतु ६७ गुण म्हणजे प्रवेश नव्हे. ते फक्त रांगेत उभे राहण्याचे तिकीट आहे. २०१५ सालापासून कॅनडाने ‘एक्सप्रेस एन्ट्री’ पद्धती सुरू केली. पात्र उमेदवारांची एक सामाईक यादी केली जाते, त्यांना १२०० पैकी वेगळे गुण दिले जातात आणि वेळोवेळी होणाऱ्या फेऱ्यांत वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांना अर्ज करण्याचे निमंत्रण पाठविले जाते. वर उल्लेखिलेल्या अभियंत्याला या दुसऱ्या मोजणीत जेमतेम ३०० गुण मिळतात. २०२४ सालच्या सर्वसाधारण फेऱ्यांत निमंत्रणाची सीमा ५०० च्या वर होती. हे अंतर न सांगता केवळ ‘तुम्ही पात्र आहात’ एवढेच सांगणे ही अर्धसत्याची सर्वांत प्रचलित तऱ्हा होय.

हे अंतर कशाने कमी होते? इंग्रजीची श्रेणी ऐकण्यात ८ आणि उरलेल्या तीन भागांत ७ झाली, तर याच अभियंत्याचे गुण ३९० च्या जवळपास जातात; कारण चांगल्या भाषेमुळे शिक्षणाचे व अनुभवाचेही गुण वाढतात. एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केले तर एकदम ६०० गुणांची भर पडते. २०२३ पासून विशिष्ट व्यवसायांसाठी व फ्रेंच भाषकांसाठी स्वतंत्र फेऱ्या सुरू झाल्या. फ्रेंच भाषकांच्या काही फेऱ्यांत सीमा ४०० च्याही खाली आली आहे. २०२५ साली शिक्षण क्षेत्राचा वर्गही त्यात जोडला गेला. वयाचा हिशेब मात्र उलटा चालतो. एकट्या अर्जदारास विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात. पस्तिसाव्या वर्षी ते ७७, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. कागद मिळविण्यात गेलेले एक वर्ष असे थेट गुणांतून वजा होते.

ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण लागतात व निमंत्रणाच्या वेळी वय ४५ च्या आत असावे लागते. तेथे आधी त्या त्या व्यवसायाच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून कौशल्याची तपासणी करून घ्यावी लागते. त्यामुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेल्या आणि प्रत्यक्ष कामाचा भक्कम पुरावा असलेल्या कारागिरालाही वाव आहे. ब्रिटनच्या व्यवस्थेलाही गुणाधारित म्हटले जाते, परंतु कुशल कामगाराच्या व्हिसासाठी तेथे मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हाती असावीच लागते. नाव एक असले तरी व्यवहार वेगळा. जर्मनीने जून २०२४ पासून दिलेले ‘संधीपत्र’ हे तर नोकरी शोधण्यापुरते आहे, स्थायिक होण्याचे नव्हे.

दप्तरातील नोंदी

अर्ज पुष्कळदा अडतो तो गुणांवर नव्हे, नावावर. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने, तर कोणी ‘जे’ने. शाळेच्या दाखल्यावर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, असे झाले की ही तिन्ही माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी. कोठे वडिलांचे नाव गळालेले. कोठे घरातील ‘भाऊसाहेब’ हेच नाव दप्तरी चढलेले. विवाहित स्त्रीची पदवी माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव निराळेच, हा तर घरोघरचा प्रकार आहे. यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार ही नोंदणी होते आणि ग्रामीण भागात ती ग्रामपंचायत पातळीवर होऊ शकते. लग्नाच्या पत्रिकेवर वर्षानुवर्षे निभावून नेलेली बाब येथे निभत नाही.

जन्मतारखेचे उदाहरण तर शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. जुन्या जनरल रजिस्टरांत पानेच्या पाने १ जून या तारखेने भरलेली आढळतात. पालकाला तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी शाळाप्रवेशाला सोयीची तारीख लिहावी, असा तो शिरस्ता होता. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत ऑक्टोबर आणि शाळेत १ जून अशी तफावत असेल, तर कोणत्या दाखल्यावर विश्वास ठेवावा हा प्रश्न परदेशी अधिकाऱ्याला पडणारच. शाळा सोडल्यानंतर अशी नोंद बदलून घेणे फार दुष्कर असते. विद्यार्थी वर्गात असतानाच जन्मदाखला पाहून नोंद पडताळणे हे काही मिनिटांचे काम आहे.

अनुभव प्रमाणपत्राची कथा याहून बोलकी आहे. आपल्या कार्यालयांतून व कारखान्यांतून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात बहुधा दोन वाक्ये असतात: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले आणि वर्तणूक समाधानकारक होती. गुण देणाऱ्याला वर्तणुकीत रस नसतो. त्याला हुद्दा, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वेतन हवे असते, तेही संस्थेच्या शीर्षपत्रावर व जबाबदार अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने. कॅनडात पूर्णवेळ काम म्हणजे आठवड्याला किमान ३० तास, असे धरतात. कामाचे स्वरूपही तेथील व्यवसाय-वर्गीकरणातील वर्णनाशी जुळावे लागते. ‘पर्यवेक्षक’ या एका शब्दाखाली कोणी मजुरांची हजेरी घेत असतो, तर कोणी पुलाच्या कामाची मोजमापे तपासत असतो. पहिल्याचे गुण आणि दुसऱ्याचे गुण एक नव्हेत. जे काम केले तेच, पण नीट तपशिलाने लिहून देणे यात आस्थापना शाखेला कोणतीही सवलत द्यावी लागत नाही.

शिक्षणाचे मूल्यमापन कॅनडाने नेमलेल्या संस्थांकडून होते. त्यांना गुणपत्रिकांच्या प्रती बहुधा विद्यापीठाकडून परस्पर हव्या असतात. मूल्यमापनाचा अहवाल पाच वर्षे, तर भाषेच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो. साहजिकच आधी विद्यापीठाचे कागद मार्गी लावावेत आणि मगच भाषेची परीक्षा द्यावी. उलट क्रमाने गेलेल्यांना परीक्षेचे शुल्क दुसऱ्यांदा भरण्याची पाळी येते.

दलाल आणि कर्ज

एक्सप्रेस एन्ट्रीच्या यादीत नाव नोंदविण्यास कॅनडा शासन शुल्क घेत नाही. या एका वाक्याची माहिती नसल्याने ‘फाईल लावण्याचे’ पैसे भरले जातात. कॅनडाच्या कायद्यानुसार मोबदला घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील वकील, क्युबेकमधील नोटरी आणि अधिकृत परिषदेकडे नोंदलेले सल्लागार यांनाच आहे. नोंदलेल्या सल्लागारांची यादी त्या परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. १९८३ च्या अधिनियमाखालील नोंदणी ही परदेशी नोकरभरतीसाठी असते. ती भिंतीवर लावून कोणी वास्तव्याचे गुण मिळवून देण्याची हमी देत असेल, तर त्या कागदाचा या कामाशी संबंध नाही.

कर्जाचाही प्रश्न आहे. कॅनडात नोकरी निश्चित नसलेल्या अर्जदाराला तेथे पहिले काही महिने राहण्याइतकी रक्कम स्वतःजवळ असल्याचे दाखवावे लागते. २०२५ साली एकट्या व्यक्तीसाठी ती १५ हजार कॅनेडियन डॉलरच्या किंचित वर होती. ही रक्कम उसनी चालत नाही. बँकेच्या मागील सहा महिन्यांच्या शिल्लकीवरून अचानक आलेला पैसा लगेच उघड होतो. तेव्हा सातबारावर बोजा चढवून चार दिवसांसाठी खात्यात रक्कम भरण्याचा जो सल्ला दिला जातो, त्यात जमीनही अडकते आणि अर्जही.

याहून गंभीर बाब खोट्या प्रमाणपत्राची. अनुभवाचे एक वर्ष वाढवून लिहिलेले प्रमाणपत्र दलाल सहज मिळवून देतो. चौकशीत ते उघडकीस आले तर कॅनडा पाच वर्षांची बंदी घालतो, आणि कागद दलालाने जोडला ही सबब सहसा ऐकली जात नाही. २०२३ साली तेथे शिकावयास गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली होती. त्यांची महाविद्यालयीन प्रवेशपत्रे दलालाने बनावट दिली असल्याचे, कित्येकांच्या बाबतीत, कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर उघड झाले. ज्यांची फसवणूक झाली होती अशांचा स्वतंत्र विचार पुढे झाला खरा, परंतु तोवर त्यांचा शिक्षणाचा काळ आणि घरचा पैसा दोन्ही खर्ची पडले होते.

डॉक्टर, परिचारिका व शिक्षक यांनी आणखी एक भेद ओळखावयास हवा. शिक्षणाचे मूल्यमापन झाले म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळाला असे नव्हे. परवाना त्या त्या प्रांताची नियामक संस्था देते. त्यासाठी वेगळ्या परीक्षा, वेगळे शुल्क आणि कित्येकदा काही वर्षे लागतात. जिल्हा रुग्णालयातील अनुभवी डॉक्टरला गुणांच्या बळावर देशात प्रवेश मिळेल, रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळेलच असे नाही.

निमंत्रण हाती आल्यावर संपूर्ण अर्ज सादर करण्यास ६० दिवसांची मुदत असते. नियुक्त डॉक्टरांकडील वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला, मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे हे सर्व या साठ दिवसांत बसवावे लागते. चारित्र्याच्या दाखल्यासाठी पारपत्र कार्यालयाकडे अर्ज केला जातो आणि गरज पडल्यास पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होते. पारपत्रावर गावचा पत्ता आणि मुक्काम पुण्यात, अशा अर्जदाराचे अनेक दिवस पत्त्याच्या खुलाशातच जातात. म्हणून निमंत्रणाची वाट न पाहता पत्ता, नाव आणि जन्मतारीख यांची जुळणी यादीत नाव नोंदविण्यापूर्वीच करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी पहिली फेरी ग्रामपंचायतीच्या कार्यालयाकडेच मारावी लागते.