दाखला न मागणारं गणित

कॅमेरूनची राजधानी याउंडे इथल्या 'माग्राबी आयसीओ कॅमेरून आय इन्स्टिट्यूट' या नेत्ररुग्णालयासाठी २०१८ साली एक वेगळ्याच धर्तीचं कर्ज उभं राहिलं. रक्कम सुमारे २० लाख डॉलर. पैसे घातले अमेरिकी सरकारच्या 'ओपिक' या वित्तसंस्थेने आणि नेत्री फाउंडेशनने. परतफेडीचे पैसे मात्र तिसऱ्यांकडून यायचे होते. हिल्टन फाउंडेशन, फ्रेड हॉलोज फाउंडेशन आणि साइटसेव्हर्स या संस्थांनी ती जबाबदारी घेतली होती, पण काम झालेलं दिसलं तरच. उद्दिष्ट होतं पाच वर्षांत मोतीबिंदूची १८,००० ऑपरेशनं. किती ऑपरेशनं झाली, नंतर रुग्णाला कितपत दिसू लागलं आणि रुग्णालय स्वतःच्या कमाईवर उभं राहतंय का, हे तपासायचं आणि त्या हिशोबाने पैसे मोकळे करायचे.

नेहमीची देणगी याच्या उलट चालते. आधी चेक, मग फलक, मग उद्घाटन, आणि यंत्र बिघडलं की पुन्हा दात्याच्या दारात. दान आटलं की शिबिरं थांबतात. याउंडेच्या कर्जात निकालाला पैसे बांधले होते, म्हणून जगभर त्याची चर्चा झाली. माझ्या मते त्यातली सर्वात महत्त्वाची अट तिसरी होती, रुग्णालयाने स्वतःच्या पायावर उभं राहण्याची. कारण ते कसं जमतं हे सावकारांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. हे रुग्णालय ज्या नमुन्यावर बेतलं आहे, तो नमुना मदुराईचा आहे.

मदुराईत १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. तरुणपणी संधिवाताने त्यांच्या हाताची बोटं वाकडी केली होती. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं राहून गेलं आणि त्या वाकड्या बोटांत शस्त्र धरायला शिकून ते नेत्रतज्ज्ञ झाले. निवृत्तीनंतर भावंडांना सोबत घेऊन त्यांनी ११ खाटांचं अरविंद नेत्ररुग्णालय काढलं. नाव श्रीअरविंदांचं. बँका दारात उभं करेनात, तेव्हा घर गहाण पडलं, घरातले दागिनेही गेले. अशा घरातून निघालेली संस्था आज वर्षाला चार लाखांहून जास्त ऑपरेशनं आणि लेसर उपचार करते. त्यातले निम्म्याच्या आसपास मोफत किंवा अगदी कमी पैशांत होतात.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. श्रीमंताकडून दुप्पट घ्यायचे आणि त्यात गरिबाचं बिल भागवायचं, असा हा हिशोब असावा असं वाटतं. प्रत्यक्षात पैसे देणाऱ्याकडूनही अरविंद वाजवीच घेतं. शिल्लक पडते ती एका ऑपरेशनचा खर्चच फार खाली आणल्यामुळे.

तो कसा आणला, हे ऑपरेशन थिएटरमध्ये दिसतं. डॉक्टरसमोर एक टेबल नसतं, दोन असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होत असतो. त्याला भूल दिलेली असते, डोळा स्वच्छ करून कापड टाकलेलं असतं, हत्यारांचा ट्रे लावलेला असतो. पहिल्याचं काम संपलं की डॉक्टर सूक्ष्मदर्शक फिरवतात आणि दुसऱ्या डोळ्यावर नजर लावतात. टाके न घालता हाताने करायचं छोट्या छेदाचं ऑपरेशन सरावलेल्या हाताला काही मिनिटांत उरकतं. डॉक्टरने फक्त डॉक्टरचंच काम करायचं. बाकी सगळं, म्हणजे दृष्टी तपासणं, डोळ्याचा दाब मोजणं, डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढणं, ऑपरेशननंतर समजावून सांगणं, हे खेड्यांतून निवडलेल्या आणि दोन वर्षं तिथेच शिकवलेल्या मुली करतात. या संस्थेचा खरा कणा त्या मुली आहेत. पुरस्कार घ्यायला त्या दिसत नाहीत, एवढं मला खटकतं.

आणि मग पैशांची बाब. अरविंदमध्ये रुग्ण स्वतः ठरवतो. पैसे देऊन तपासायचं की मोफत, हे दारातच त्याच्या हातात असतं. उत्पन्न कोणी विचारत नाही. पैसे दिले तर खोली मिळते, घडी होणाऱ्या भिंगासारखे पर्याय मिळतात. मोफत विभागात मोठा वॉर्ड आणि साधी सोय. डॉक्टर मात्र तेच, पाळीपाळीने दोन्हीकडे. गावोगावच्या शिबिरांतून निवडलेल्या रुग्णाला बसने आणणं, जेवण, मुक्काम, औषधं आणि परत गावी सोडणं, सगळं फुकट. ऐपत असलेला फुकट्या रांगेत शिरणार नाही का? एखादा शिरत असेल. पण त्याला रोखायला खिडक्या, अर्ज आणि कारकून ठेवायचे, तर त्या खर्चात कितीतरी डोळे उघडतात.

तरीही १९८०च्या दशकाअखेर या व्यवस्थेत एक फट होती, आणि ती मनाला लागेल अशी होती. डोळ्यात बसवायचं कृत्रिम भिंग परदेशातून यायचं, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. पैसेवाल्याच्या डोळ्यात भिंग बसायचं. गरिबाचा मोतीबिंदू निघायचा आणि नाकावर जाड काचेचा चष्मा यायचा. आपल्या आजी-आजोबांच्या फोटोत तो दिसतो. त्या चष्म्यातून वस्तू मोठ्या दिसतात, बाजूचं नीट दिसत नाही. तो फुटला, हरवला की माणूस पुन्हा आंधळा.

देणगीतून भिंगं मागवत राहण्याऐवजी १९९२ साली मदुराईतच 'ऑरोलॅब' हा कारखाना सुरू झाला. अमेरिकी सामाजिक उद्योजक डेव्हिड ग्रीन आणि सेवा फाउंडेशनसारख्या संस्था पाठीशी होत्या. बनवायचा होता ॲक्रेलिक प्लास्टिकचा सहा मिलिमीटरच्या आसपासचा पारदर्शक तुकडा, त्याला दोन बाजूंना केसासारखे बारीक वळलेले आकडे. हे आकडे डोळ्यातल्या पिशवीत भिंगाला धरून ठेवतात. दिसायला क्षुल्लक, पण काठ जरा खरबरीत राहिला तर डोळा आतून सुजतो. ही वस्तू दहा डॉलरच्या आत आली आणि मोफत वॉर्डातही भिंग बसू लागलं. आज ऑरोलॅबची भिंगं शंभरावर देशांत जातात. डोळ्यांच्या उपचारासाठी नवा पैसा कसा उभारावा यावर परिषदा भरतात, पण माझ्या समजुतीप्रमाणे या क्षेत्रातला सर्वात मोठा अर्थपुरवठा म्हणजे ही उतरलेली किंमत.

म्हणून याउंडेच्या कर्जाकडे मी जरा हातचं राखून पाहतो. त्याचं मोल आहेच. नव्या रुग्णालयाला यंत्रं, पगार आणि प्रशिक्षण पहिल्या दिवसापासून लागतं. पैसे देणारे रुग्ण मात्र नाव झाल्यावर येतात. मधली वर्षं कोणीतरी पेलावी लागतात, ती या कर्जाने पेलली. पण अशा करारांना वकील, सल्लागार, तपासनीस लागतात आणि वाटाघाटींना खूप वेळ जातो. शिवाय जे मोजता येतं त्यालाच पैसे मिळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन मोजता येतं. काचबिंदूच्या रुग्णाने आयुष्यभर थेंब घालत राहावं, मधुमेह्याने दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, याचं यश असं मोजून दाखवणं कठीण, आणि त्या रोगांत गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालाप्रमाणे टाळता आला असता किंवा अजूनही उपचाराची वाट पाहणारा दृष्टिदोष जगात किमान १०० कोटी लोकांना आहे. तो सगळा मोतीबिंदू नव्हे.

अरविंदच्या दारात उत्पन्न विचारत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. बिलांचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. हेतू चांगला आहे. पण लाभ हवा तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड पुढे करावं लागतं. ज्या म्हातारीला पायाखालचा दगड दिसत नाही, तिने आधी तालुक्याला जाऊन कागद आणायचा आणि मग डोळा दाखवायचा. बरोबर येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते ती वेगळीच. बरेच जण पुढच्या वर्षी बघू म्हणतात आणि मोतीबिंदू पिकत राहतो.

राज्यातल्या धर्मादाय नेत्ररुग्णालयांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. कायद्याच्या खाटांचे कागद ठेवायचे तसे ठेवा, पण त्यापलीकडे स्वतःच्या बळावर मोतीबिंदूपुरती एक खिडकी उघडा, जिथे दाखला मागितला जाणार नाही. एक वर्ष चालवा, खर्चाचा हिशोब ठेवा आणि वर्षाच्या शेवटी तो छापून लोकांसमोर मांडा.