ओढ्यातील मासा आणि फवारणीचा पंप

शेतकरी बंधूंनो, फवारणी आटोपली की पंप ओढ्यावर धुवायचा, ही आपली जुनी सवय. पण त्याच पाण्यात माशांची अंडी असतात.

मज्जातंतूने निरोप पोचविला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. क्लोरपायरीफॉससारखे कीटकनाशक तेच निकामी करते. कीड मरते ती यामुळेच. माशाचे मज्जातंतूही त्याच धर्तीचे.

आपल्याकडील ओढ्यांत सापडणारा झेब्रा मासा घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच्या अंड्या-पिलांना पहिले पाच दिवस हे औषध थोडे थोडे दिले. पिले जगली, पण मोठी झाल्यावरही योग्य बाजू ओळखण्यात चुकत राहिली. मेलेला मासा तरंगताना दिसतो, मंद झालेला दिसत नाही!

तेव्हा पंप शेतातच विसळा, ते पाणी पिकावरच फवारा. गुरुजी, मुलांनाही हे सांगा बरे का.