आलेखातल्या दोन शिंगांची गोष्ट

दिवाळीच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्या की जरा गच्चीवर जावं आणि पश्चिमेकडे तोंड करून वर पाहावं. हंस तारकासमूह तेव्हा अजून बराच उंचावर असतो. त्याच्या चोचीशी अल्बिरिओ आहे. छोट्या दुर्बिणीतून पाहिलं की हा एकटा वाटणारा तारा दोन ताऱ्यांत सुटा होतो, एक सोनेरी आणि एक निळसर. हात लांब करून दोन बोटं आडवी धरावीत, जवळपास तेवढ्याच अंतरावर, हंसाच्या मानेच्या बाजूला आणखी एक जोडी आहे. ती अशी सुटी करून पाहता येत नाही. तरीही तिच्यातल्या दोन्ही ताऱ्यांची वस्तुमानं आणि एकमेकांभोवती फिरायला त्यांना लागणारा काळ आपल्याला ठाऊक आहे. हे सगळं कळलं एका आलेखावरून, आणि तो आलेख या जोडीचा नव्हताच. तिच्या कितीतरी मागे असलेल्या तिसऱ्याच ताऱ्याच्या प्रकाशाचा होता.

वस्तुमानाजवळून जाताना प्रकाश वाकतो. म्हणून एखादा तारा दुसऱ्या, लांबच्या ताऱ्याच्या अगदी समोर आला तर तो भिंगासारखं काम करतो आणि मागचा तारा काही दिवस अधिक तेजस्वी दिसतो. रुडी मांडल नावाच्या चेक अभियंत्याने पिच्छा पुरवल्यावर आइन्स्टाइन यांनी १९३६ साली यावर छोटीशी टिपणी लिहिली, पण असं काही प्रत्यक्ष दिसण्याची आशा त्यांना नव्हती. एकाच ताऱ्याकडे बघत बसलं तर ते खरंच आहे. बोहदान पाचिन्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९८६ साली वेगळा मार्ग सुचवला: एक नव्हे, लाखो ताऱ्यांवर रोज नजर ठेवा. १९९३ साली अशा पहिल्या घटना हाती लागल्या.

भिंग एकाच ताऱ्याचं असेल तर आलेख साधा असतो. चढ आणि उतार एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. शिखर कधी आलं, दोन तारे एका रेषेच्या किती जवळ आले आणि घटना किती दिवस चालली, एवढ्या तीन आकड्यांत त्याची ओळख संपते.

पण आकाशातले पुष्कळ तारे जोडीने राहतात. शूड माओ आणि पाचिन्स्की यांनी १९९१ साली हिशेब मांडला, की अशा घटनांपैकी दहातली एक जोडताऱ्याची खूण ठळकपणे दाखवील. फार वाट पाहावी लागली नाही. चिलीतल्या लास कम्पानास वेधशाळेतून काम करणाऱ्या ‘ओगल’ प्रकल्पाच्या १९९३ सालच्या निरीक्षणांत सातव्या क्रमांकाची घटना विचित्र निघाली. तारा एकदम उसळला, मग प्रकाश खाली आला, मध्ये बशीसारखा खोलगट भाग, पुन्हा उसळी आणि कडा तुटावा तशी घसरण. आलेखाला दोन शिंगं फुटली होती.

ही शिंगं कुठून येतात? सकाळी खिडकीतून तिरकं ऊन येत असताना स्टीलच्या पेल्यातल्या चहाकडे पाहा. चहावर एक लखलखीत कमान उमटलेली असते, मध्यभागी टोक काढलेली. पेल्याच्या गोल भिंतीवरून परतलेले किरण तिथे दाटतात. कमानीच्या एका बाजूला उजेड भरपूर, दुसऱ्या बाजूला बेताचा, आणि मधली सीमा धारदार. या कमानीला कॉस्टिक म्हणतात. जोडताऱ्याचं गुरुत्वाकर्षणही अशाच कमानी तयार करतं, फक्त त्या बंद असतात आणि त्यांना अणकुचीदार कोपरे असतात. जोडीतले तारे परस्परांपासून किती लांब आहेत त्याप्रमाणे अशा एक, दोन किंवा तीन आकृत्या बनतात.

मागचा तारा या आकृतीच्या बाहेर असतो तेव्हा त्याच्या ३ प्रतिमा तयार होतात. त्याने सीमा ओलांडली की आणखी २ प्रतिमा एकदम जन्माला येतात आणि जन्मतानाच त्या सर्वांत तेजस्वी असतात. हे पहिलं शिंग. बाहेर पडताना त्याच दोन प्रतिमा एकमेकींत मिसळून नाहीशा होतात, ते दुसरं. पहिलं शिंग न सांगता येतं, कारण बाहेरून सीमेकडे येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश शेवटपर्यंत शांत असतो. दुसऱ्याची मात्र चाहूल लागते. बशीच्या तळातून प्रकाश विशिष्ट चालीने चढू लागतो आणि त्या चढावरून सीमा कधी ओलांडली जाईल ते आधी सांगता येतं. १९९८च्या जूनमध्ये लघु मॅजेलन मेघातल्या एका घटनेचं दुसरं शिंग असंच आधी वर्तवलं गेलं आणि जगभरच्या दुर्बिणी वेळेवर तिकडे वळल्या. त्या मोजमापावरून कळलं, की भिंग आपल्या आकाशगंगेच्या अंधाऱ्या परिघात नाही, मागच्या ताऱ्याबरोबर त्याच मेघात आहे. तेव्हा शोध चालला होता त्या परिघातल्या कृष्णद्रव्याचा, त्यामुळे हा निकाल मोलाचा ठरला.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भावतं ते शिंगाचं टोक. मागचा तारा केवळ बिंदू असता तर टोक अनंत उंच गेलं असतं. पण ताऱ्याला तबकडी असते. ती सीमेवरून सरकत जाते, त्यामुळे टोक गोलसर होतं, आणि त्या गोलाईला किती तास लागले त्यावरून तबकडीचा आकार कळतो. रात्र ढगाळ निघाली आणि ते तास हुकले, तर मोजपट्टीच हरवते.

आता विश्लेषण. जोडताऱ्याच्या आलेखाला पहिले तीन आकडे पुरत नाहीत. जोडीतलं अंतर, वस्तुमानांचं गुणोत्तर, मागच्या ताऱ्याच्या वाटेचा कोन आणि त्याच्या तबकडीचा आकार हे चार आणखी लागतात. प्रतिमा शोधायचं समीकरण पाचव्या घाताचं आहे, ते संगणकावरच सुटतं. हजारो शक्यता मांडायच्या, प्रत्येकीचा आलेख काढायचा आणि निरीक्षणांशी ताडून पाहायचा. काही आडाखे मात्र डोळ्यांनीच बांधता येतात. कॉस्टिकच्या आत प्रकाश किमान ३ पट वाढलेला असतोच. बशीचा तळ त्याहून खाली दिसला तर समजायचं, की मोजमापात शेजारच्या कुणाचा प्रकाश मिसळला आहे. अडचणही आहे. खूप जवळची जोडी आणि खूप लांबची जोडी कधी कधी जवळपास सारखेच आलेख देतात. अशा वेळी दोन्ही उत्तरं छापावी लागतात, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडतो.

पुन्हा हंसाकडे. ऑगस्ट २०१६ मध्ये युरोपच्या गाया अंतराळयानाने इथला एक तारा उजळल्याची सूचना दिली. घटनेचं नाव गाया१६एवायई. हा तारा एकदा नव्हे, पाच वेळा उजळला, तेजस्वितेच्या १२ व्या प्रतीपर्यंत. ५०० दिवसांत अनेक दुर्बिणींनी मिळून सुमारे २५,००० निरीक्षणं जमवली. वॉर्साच्या लुकाश विझिकोव्स्की यांच्या नेतृत्वाखालील चमूने ती एकत्र केली तेव्हा लक्षात आलं, की स्थिर जोडीचं गणित इथे चालणार नाही. घटना सुरू असतानाच भिंगातले दोन तारे एकमेकांभोवती जवळपास अर्धी फेरी मारत होते, म्हणजे कॉस्टिकचा आकारच रोज बदलत होता. त्यात भर म्हणजे पृथ्वीही सूर्याभोवती फिरत होती, आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेल्या गायाला तोच तारा किंचित वेगळ्या प्रकाशात दिसत होता. गुंता दिसतो, पण या प्रत्येक हालचालीने एकेक शक्यता बाद केली. पृथ्वीच्या बदलत्या जागेमुळे आलेखात पडलेला फरक आणि शिंगांच्या टोकांवरून मिळालेली मोजपट्टी जोडली की वस्तुमान हाती येतं. एक तारा सूर्याच्या ०.५७ पट, दुसरा ०.३६ पट. अंतर ७८० पार्सेक, म्हणजे सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षं. फेरीचा काळ २.८८ वर्षं, कक्षा थोडी लांबट.

हे उत्तर २०२० साली प्रसिद्ध झालं. त्याच लेखात चमूने आणखी एक आकृती दिली आहे: हे दोन तारे फिरताना आपल्या दिशेने किती वेगाने येतील आणि दूर जातील याचं भाकीत. ते तपासायला मागच्या ताऱ्याची गरज नाही. जोडीचाच वर्णपट घ्यायचा आणि रेषा किती सरकल्या ते मोजायचं.