लाट ओसरेपर्यंत

संतापाची किंवा निराशेची लाट आली की आधी छाती धडधडते, विचार मागाहून येतो. म्हणूनच सिॲटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी समुपदेशनाला सरावाची जोड दिली: गार पाण्यात तोंड बुडवून ठोके मंद करणे (हृदयविकार असल्यास हे टाळावे), भावनेला नाव देणे, नकार नीट शब्दांत सांगणे. ही ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ वर्षभर घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रसंग नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत घटले, असे त्यांच्या १९९१ च्या चाचणीत दिसले.

जालन्यात शेतकऱ्याचे खरे दुखणे कर्जाचे आणि पावसाचे, तिथे गार पाण्यात तोंड बुडवून काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. कर्ज त्याने फिटत नाहीच. पण टोकाचा निर्णय अनेकदा त्या लाटेतच घेतला जातो, आणि लाट ओसरते. पण ही कौशल्ये शिकवणार कोण? अमरावतीच्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या २०१५ च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात जालन्याचाही समावेश होता. त्यातल्या आशाताईंना विचारपूस करण्याबरोबर ही कौशल्येही शिकवायला हवीत. आज, आत्ता बोलायचे असेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा; सेवा विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतही आहे.