विहिरीतला हिरा आणि बर्फावरचा ट्रक

रांजणगाव-शिरूर पट्ट्यात विहिरीला सुरुंग लावला की फुटलेल्या दगडात कधीकधी लखलखणारे खडे निघतात. मग पारावर एकच विषय: हिरे लागले! कुणीतरी खड्याने काचेवर रेघ ओढतो, रेघ उमटते आणि सगळ्यांची खात्री पटते.

ही परीक्षाच फसवी. कठिणतेच्या मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास, गार सात. म्हणजे साधी गारसुद्धा काच ओरखडते. विहिरीतले हे खडे बहुतेक वेळा गारेचे नाहीतर झिओलाइटचे असतात. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्यातल्या क्षारांनी तिथे स्फटिक घडवले. असे देखणे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेत. हिरा मात्र दीडशे किलोमीटरहून खोल घडतो आणि किंबरलाइटसारख्या वेगळ्याच खडकाबरोबर वर येतो. आपला काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने. शिवाय कच्चा हिरा झगमगत नाही. तो तेलकट, मळकट दिसतो. झगमगाट पैलू पाडल्यावरचा.

मग महाराष्ट्रात हिरे नव्हतेच? तसंही नाही. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. तिकडचा खडक आपल्या पाषाणाहून कितीतरी प्राचीन.

‘कॅनडात, सैबेरियात हिरे सापडतात ते थंडीमुळे’ हाही असाच एक समज. हिऱ्याला वरच्या हवामानाशी देणंघेणं नाही. तिथे भूखंडाचा अतिप्राचीन, जाड गाभा आहे, एवढंच. कॅनडाच्या उत्तरेत 1991 मध्ये हिऱ्यांचा शोध जाहीर झाला, 1998 मध्ये एकाटी ही पहिली खाण सुरू झाली आणि 2003 मध्ये डायविक. दोन्ही येलोनाइफ शहरापासून सुमारे 300 किलोमीटर दूर, आणि बारमाही रस्ता एकाही खाणीला नाही.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे: तिकडे थंडी हीच खाणीची वैरीण. खरं तर खाण चालते ती थंडीच्या जिवावर. आपल्या एमआयडीसीत पुणे-नगर रस्त्याने कंटेनर बारा महिने येतात. तिकडे वर्षाचं डिझेल, सिमेंट, स्फोटकं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं फेब्रुवारी-मार्चच्या आठ-दहा आठवड्यांत आणून टाकायचं, तेही गोठलेल्या तळ्यांवरून. बर्फाची जाडी रडारने मोजतात, कमी भरली तर पाणी ओतून वाढवतात. पूर्ण भरलेल्या ट्रकला एक मीटरच्या आसपास जाडी लागते. आणि वेग? ताशी 25 किलोमीटर. ड्रायव्हरला घाई असो वा नसो! ट्रकच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते. वेग वाढला तर हीच लाट किनाऱ्याजवळ बर्फ फोडते. 2006 च्या हिवाळ्यात पुरेशी थंडी पडलीच नाही, रस्ता लवकर बंद झाला आणि राहिलेला माल महागड्या विमानवाहतुकीने न्यावा लागला.

एवढ्या खटाटोपातून ढिगाने हिरे निघत असतील, असं वाटतं. पण जगातल्या समृद्ध खाणींतही टनामागे मिळतात थोडेच कॅरट, आणि एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. त्यातलेही सगळे दागिन्यांच्या लायकीचे नसतात.

खाण आली की गाव वसतं, असं आपण धरून चालतो. सैबेरियात मिर्नी हे शहर खाणीपायीच उभं राहिलं, हे खरं. एकाटी-डायविकला मात्र गाव नाही. कामगार विमानाने येतात, साधारण दोन आठवडे बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि घरी परततात. डायविकचे हिरे तर तळ्याच्या तळाखाली. त्यासाठी तळ्यात बांध घालून आतलं पाणी उपसलं. काम संपलं की बांध फोडून खड्ड्यात पुन्हा तळ्याचं पाणी घ्यायचं, असं खाण बंद करण्याच्या आराखड्यातच लिहिलेलं आहे.